गोली थांबतोय म्हणाला, आता क्लबने काय करायचं?

मॅच जिंकलो होतो की हरलो होतो, ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आमच्या हॉकी क्लबचे गोलकीपर दादा बाकावर बसून डाव्या पॅडचे पट्टे सोडत होते आणि तिसऱ्या पट्ट्यावर त्यांचा हात थांबला. मान वर न करता म्हणाले, "हा सीझन काढतो. पुढचं तुम्ही बघा." स्टेडियमच्या मागून चर्चगेटकडे जाणारी लोकल खडखडत गेली. कुणीतरी म्हणालं, "काय दादा, अजून दोन वर्षं आरामात!" सगळे हसले, चहा आला, विषय संपला.

विषय तिथे संपू दिला, ही आमची पहिली चूक. पुढच्या सीझनच्या तोंडावर फोनाफोनी सुरू झाली, "गोलात एखादा चांगला पोरगा आहे का तुमच्याकडे?" स्थळ बघावं तशी. एक अठरा वर्षांचा मुलगा मिळाला. उंच, हात झकास. त्याला सरळ लीगच्या पहिल्या मॅचला उभा केला. सहा गोल झाले. तो त्यानंतर दोनदा प्रॅक्टिसला आला आणि मग फोन उचलेनासा झाला. आज तो हॉकी खेळत नाही. हे माझ्या नावावर जमा आहे, कारण टीम मी लावली होती.

त्यानंतर आमच्याकडे गोलातली अदलाबदल दोनदा झाली. एकदा बरी झाली, एकदा चांगली झाली. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितोय, मुंबईतले क्लब, ऑफिसच्या टीम आणि शाळा-कॉलेजचे कोच यांच्यासाठी. अधूनमधून आइस हॉकीची उदाहरणं येतील. तो खेळ वेगळा आहे. तिथे चेंडूच्या जागी 170 ग्रॅमच्या आसपासची रबराची चकती, आणि गोल 6 फूट बाय 4 फुटांचा. आपला 12 बाय 7. पण उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमध्ये एकेक कीपर दहा-पंधरा वर्षं एकाच शहराचा गोल सांभाळतो आणि तो थकायला लागला की पुढे कोण, यावर सगळं शहर काथ्याकूट करतं. त्यामुळे कुणी काय केलं आणि त्याचं काय झालं, हे सगळं उघड्यावर असतं. आपल्याकडे हे चहाच्या टपरीवर ठरतं आणि तिथेच विरतं.

डोकेदुखी मात्र दोन्हीकडे सारखीच. फॉरवर्डला दहा मिनिटं आत टाकून बघता येतं. कीपरची जागा एकच, आणि ती कुणीतरी सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही.

आधी तारीख काढून घ्या

"बघू", "शरीर साथ देईल तोवर", "पोरं तयार झाली की" असली उत्तरं घेऊ नका. मैदानापासून लांब कुठेतरी बसा, आणि कीपरला सरळ विचारा: शेवटची स्पर्धा कोणती? त्याआधी किती मॅच खेळायच्या आहेत? थांबल्यावर क्लबमध्ये राहायचंय का, आणि राहायचं तर कशात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. उद्या आपल्याला कुणी विचारणार नाही असं वाटणारा माणूस आज आपली जागा सोडत नाही. तो स्वभावाचा दोष नव्हे, कुणाचंही असंच होतं.

भारतीय संघाचा कीपर श्रीजेश याने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. पॅरिस ऑलिंपिक सुरू व्हायच्या आधीच, जुलै 2024 मध्ये, त्याने सांगून टाकलं की ही शेवटची स्पर्धा. 8 ऑगस्टला स्पेनला 2–1 हरवून ब्राँझ घेतलं आणि तो थांबला. कृष्ण पाठक तेव्हा राखीव म्हणून संघासोबत पॅरिसलाच होता. आपल्या मुंबईचा सूरज करकेराही रांगेत होता. 2025 च्या आशिया कपला राजगीरमध्ये गोलाची जबाबदारी याच दोघांकडे होती आणि कप भारताने जिंकला. म्हणजे खुर्ची रिकामी झाली तेव्हा बसायला माणसं दारातच उभी होती.

कीपर स्वतः काही बोलत नसेल तर खुणा बघा. गोल किती झाले ते बघू नका, त्यात बचावफळीचा वाटा मोठा असतो. डाव्या बाजूला पडल्यावर उठायला किती वेळ लागतो ते बघा. उजवीकडे पडून पटकन उठणारा आणि डावीकडे पडल्यावर हात टेकून उठणारा कीपर गुडघा किंवा कंबर लपवत असतो. दुसरी खूण, तो लवकर पडायला लागतो. पाय पोचणार नाहीत हे त्याला आतून कळलेलं असतं, म्हणून फटका यायच्या आधीच तो अंग टाकतो. तिसरी खूण म्हणजे आवाज कमी होणं. यावर पुढे येतो.

त्याचं काम वहीत उतरवा

हा भाग लोक गाळतात. पाच मॅच गोलाच्या जाळीमागे बसा, वही घेऊन. मी दादांच्या बाबतीत केलं तेव्हा चाट पडलो. एका मॅचमध्ये गोलावर आलेले फटके 11. दादांनी तोंड उघडलं 74 वेळा. "रनर!" "लेफ्ट दे!" "छोड, छोड!" "मेरा!" पेनल्टी कॉर्नरला (गोलाजवळच्या चुकीबद्दल समोरच्यांना मिळणारा खास फटका) धावत जाणाऱ्या पहिल्या माणसाला तर ते नावाने हाक मारायचे, "तू सीधा जा, बाकी मैं देखता." मुंबईच्या मैदानावर हे सगळं हिंदीतच चालतं. घरी शुद्ध मराठी बोलणारा माणूसही 'डी'मध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलात, हिंदीत ओरडतो, का ते विचारू नका.

तर चेंडू अडवणं हा त्यांच्या कामाचा लहान तुकडा होता. बाकी सगळं ट्रॅफिक पोलिसाचं काम. आणि सतरा-अठरा वर्षांचा नवा मुलगा काही केल्या ओरडत नाही. पुढे उभा असलेला फुल बॅक ऑफिसात त्याच्या काकांचा साहेब असतो, त्याला कसा ओरडणार?

म्हणून वहीतली कामं दोन भागांत वाटा. फटके, रिबाउंड, कॉर्नरला कुठे उभं राहायचं, शूटआउटला कधी पुढे निघायचं, ही कामं नव्या कीपरची. ओरडण्याची अर्धी कामं पहिल्या वर्षासाठी सेंटर हाफ किंवा अनुभवी फुल बॅककडे द्या, आणि ती दिली आहेत असं सगळ्यांसमोर सांगा. नव्या मुलाला सुरुवातीला तीनच हाका शिकवा: माझा, सोड, डावा-उजवा. तीन नीट जमल्या की चौथी.

शोधायचं कुठे

जाड पोराला गोलात उभं करायची आपली जुनी रीत आहे. त्यातून एखाद-दुसरा चांगला कीपर निघालाही, पण तो निघाला तो पोरगा मुळात जिद्दी होता म्हणून. मी बघतो ते शाळेच्या क्रिकेट टीमचे विकेटकीपर, हँडबॉलवाले, आणि खो-खोवाले. खो-खोच्या पोराला दिशा बदलताना पाय एकमेकांत अडकू न देण्याची सवय असते आणि गोलात निम्मं काम तेच आहे. वय तेरा ते सोळा. मुलींच्या टीमसाठीही हेच. फक्त मुलीच्या घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात, घरी जाऊन बोला. परतायला किती वाजतील, सोबत कोण असेल, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

उंचीला भुलू नका, आणि कुणाचं नाव कुठल्या यादीत आहे त्यालाही. नॅशव्हिल प्रेडेटर्स या एनएचएल संघाचा कीपर पेका रिने 6 फूट 5 इंच. संघ नवे खेळाडू उचलतात त्या 2004 च्या निवडीत त्याचा नंबर लागला 258 वा. पुढे 2018 मध्ये त्याने लीगच्या सर्वोत्तम कीपरचा व्हेझिना करंडक घेतला. त्याची जागा ज्याने घेतली तो युसे सारोस 5 फूट 11 इंच, कीपरच्या त्या दुनियेत बुटकाच, आणि 2013 च्या निवडीत 99 वा. दोघेही फिनलंडचे. दोघांपैकी एकाचंही नाव पहिल्या पानावर नव्हतं.

मुंबईला कीपर नवे नाहीत. 1948 च्या लंडन ऑलिंपिकच्या सुवर्णपदक संघातले लिओ पिंटो इथलेच, 2004 च्या अथेन्सचा एड्रियन डिसूझा इथलाच. पण आजकाल टर्फवर येणाऱ्या दहा पोरांपैकी नऊ जणांना ड्रॅग फ्लिक, म्हणजे कॉर्नरला स्टिकने ओढून भिरकावलेला फटका, मारायचा असतो. राहिलेल्या एकाला जपा.

चाचणी तीन दिवसांची घ्या

एका दिवसात कीपर कळत नाही. पहिल्या दिवशी अंगावर काहीच नको, फक्त बूट. पाच पावलांवरून टेनिस बॉल फेकायचा, एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या. हात शरीराच्या पुढे येतात का, आणि चेंडू येताना डोळे मिटतात का, एवढंच बघायचं. डोळे मिटणं सवयीने जातं, त्यावरून कुणाला घरी पाठवू नका. मग एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकायला लावायचं, पाय एकमेकांवरून न नेता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण किटमध्ये. 'डी'च्या टोकावरून साधे फटके. चेंडू अडला की नाही हे कुणीही बघेल, तुम्ही अडल्यावर चेंडू कुठे जातो ते बघा. साइडलाइनकडे गेला तर पोरात काहीतरी आहे. परत फॉरवर्डच्या स्टिकवर गेला तर शिकवावं लागेल, पण शिकवता येतं.

तिसरा दिवस खरा. मी आमच्या सगळ्यात चांगल्या फॉरवर्डला सांगून ठेवतो, अगदी जवळून सहा गोल मार, अडवता येणारच नाहीत असे. पोराला यातलं काही माहीत नसतं. आणि मग मी चेंडूकडे न बघता पोराकडे बघतो.

गेल्या खेपेला दोघे होते. पहिला अंगाने तयार, पाय चपळ. प्रत्येक गोलानंतर तो पायऱ्यांवर बसलेल्या वडिलांकडे बघायचा. वडील मान हलवायचे, आणि पुढच्या चेंडूला पोरगा अर्धा पाऊल मागे. दुसऱ्याचे हात तितके चांगले नव्हते. गोल झाला की तो वळायचा, जाळीतला चेंडू स्टिकने बाहेर ढकलायचा, मग स्टिकने उजव्या खांबाला टक, डाव्या खांबाला टक, आणि पुन्हा उभा. सहाही वेळा तेच. टक, टक, उभा. सातवा फटका मी साधा मारायला सांगितला होता. तोही पायांमधून आत गेला. टक, टक.

मी दुसऱ्याला घेतला. पहिल्याच्या वडिलांशी नंतर बोललो आणि त्याला दुसऱ्या एका क्लबात पाठवला, तिथे तो बरा खेळतो. वडील हल्ली चहाच्या गाडीपाशी थांबतात, असं ऐकतो.

किटमध्ये काटकसर नको

जुन्या कीपरचं किट नव्याला देणं ही प्रेमाची गोष्ट वाटते, पण बऱ्याचदा ती दुखापतीची सुरुवात असते. पॅडचा मधला फुगीर भाग गुडघ्यावर बसला पाहिजे. पॅड लांब असेल तर पोरगा सरकताना त्याच पॅडवर पाय देऊन पडणार. हेल्मेट घालून मान जोरात डावी-उजवीकडे हलवायला सांगा. हेल्मेट मागे राहिलं आणि डोकं पुढे गेलं, तर ते हेल्मेट त्याचं नाही. गळ्याचा गार्ड आणि खालचा गार्ड याशिवाय प्रॅक्टिसलाही उभं करायचं नाही. "आज नुसता वॉर्मअप आहे" म्हणूनही नाही.

किकरचा, म्हणजे बुटावर चढवायच्या गार्डचा, तळव्याखालचा पट्टा सगळ्यात आधी तुटतो, आणि तुटतो तो सामन्याच्या सकाळी. बॅगेत दोन जादा पट्टे ठेवा. बक्कल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला. आत आली तर एकमेकांत अडकतात.

आणि मुंबईचा पाऊस! जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलं किट बॅगेत एक रात्र राहिलं की ग्लोव्हजना बुरशी धरलीच. घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढा, ग्लोव्हज आणि किकरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. ऊन पडलं म्हणून पॅड दिवसभर गच्चीवर भाजत ठेवू नका, फोम कडक होतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि कीपरचं किट हे गणित जमत नसेल, तर क्लबने किट ठेवायची सोय करायची. मी दोन पोरं निव्वळ बॅगेपायी गमावली आहेत. संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये ती बॅग घेऊन एकदा चढून बघा, मग पोराला आळशी म्हणा. लगेजच्या डब्यात चढायचं आणि मासळीच्या टोपल्यांशेजारी उभं राहायचं, हे त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सोबत जाऊन दाखवलं पाहिजे.

एक नियम लक्षात असू द्या. पूर्वी कीपर नसला तर एखाद्या खेळाडूला हेल्मेट आणि वेगळ्या रंगाचा शर्ट देऊन कीपरचे अधिकार देता यायचे. 2019 पासून ती सोय गेली. आता एकतर पूर्ण किटमधला कीपर, नाहीतर अकराही साधे खेळाडू. म्हणजे चेंडूला पाय लावायची मुभा कुणालाच नाही. कीपर ऐनवेळी आला नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवलेलं बरं.

सामने वाटून द्या, आणि जुना खेळतोय तेव्हाच

सगळ्या लेखातलं एकच पान वाचायचं असेल तर हे वाचा. नेटमध्ये कितीही फटके मारा, कीपर सामन्यातच घडतो. आणि क्लबकडे सामने मोजकेच असतात. ते सगळे दादांना दिले तर नव्याच्या वाट्याला काय येणार? उरलेला वेळ आणि टाळ्या वाजवणं.

नॅशव्हिलने हे बिनबोभाट केलं. सारोस काही हंगाम रिनेच्या मागे राखीव होता, पण नुसता बसून नव्हता. दरवर्षी त्याच्या वाट्याचे सामने त्याला मिळत गेले. 2020–21 च्या हंगामात मुख्य कीपर सारोस होता आणि रिने मागे. त्या हंगामातल्या 10 मे 2021 च्या शेवटच्या साखळी सामन्यात रिनेला उभं केलं, तो एकही गोल न देता 5–0 जिंकला, आणि जुलैत निवृत्त झाला. दुसऱ्या दिवशी कुणाला काही नवीन शोधावं लागलं नाही.

याउलट त्याच लीगमधले न्यूयॉर्क रेंजर्स. हेन्रिक लुंडक्विस्ट पंधरा हंगाम तिथला राजा. 2019–20 मध्ये त्यांच्याकडे एका गोलासाठी तिघे झाले: लुंडक्विस्ट, जॉर्जिएव्ह आणि जानेवारीत आलेला इगोर शेस्टरकिन. शेस्टरकिन अस्सल निघाला, त्यात वाद नाही. पण तिघांत कोण कधी खेळणार हा घोळ झाला, आणि सप्टेंबर 2020 मध्ये रेंजर्सनी लुंडक्विस्टचा करार पैसे देऊन मोडला. पुढे हृदयाच्या आजारामुळे त्याला दुसऱ्या संघाकडूनही खेळता आलं नाही. 2022 मध्ये त्याची 30 नंबरची जर्सी रेंजर्सनी छताला टांगली, सन्मान झाला. पण शेवटचं वर्ष ज्या तऱ्हेने गेलं तसं आपल्या माणसाचं जाऊ नये.

आमची वाटणी अशी. पहिल्या सीझनमध्ये दहापैकी तीन सामने नव्याला, आणि हे तीन सामने सीझनच्या आधीच कॅलेंडरवर लिहायचे. "सोपी मॅच आली की देऊ" म्हटलं की ती कधी येत नाही, किंवा आली तरी त्या मॅचला गोलावर चार फटके येतात आणि पोरगा काहीच शिकत नाही. तीनपैकी एक तरी तगड्या टीमविरुद्ध हवी. दुसऱ्या सीझनमध्ये निम्मे-निम्मे. तिसऱ्यात दादांना तीन.

कॅलेंडर जमत नसेल तर क्वार्टर वाटा. भारतीय संघानेही मध्यंतरी श्रीजेश आणि पाठकला आलटून पालटून क्वार्टर दिले होते. लोकांनी नाकं मुरडली, लय तुटते म्हणाले. थोडी तुटतेच. पण पाठकला त्यातून जे मिळालं ते नेटमध्ये मिळालं नसतं. एक पथ्य पाळा. गोल झाला म्हणून मधेच बदलायचं नाही. ठरलेल्या क्वार्टरलाच बदल, काहीही होवो. एकदा गोलानंतर काढलात की पोरगा पुढच्या प्रत्येक गोलानंतर बाकाकडे बघणार.

आणि वारसदार दोन ठेवा. एनएचएलमधल्याच फ्लोरिडा पँथर्सचा कीपर रोबर्तो लुओंगो 26 जून 2019 ला निवृत्त झाला, वय 40. पँथर्सनी पाचच दिवस आधी निवडीत 13 व्या नंबरवर स्पेन्सर नाइट हा पोरगा उचलला होता, आणि 1 जुलैला तयार कीपर सर्गेई बोब्रोव्स्कीशी सात वर्षांचा करार केला. कागदावर चोख: पोरगा तयार होईपर्यंत मोठा सांभाळेल. झालं भलतंच. बोब्रोव्स्की सुरुवातीला चाचपडला, मोठ्या रकमेवरून शिव्या खाल्ल्या, प्लेऑफमध्ये कधीकधी बाकावरही बसला. मग 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी त्याच्याच जिवावर लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कप, आला. आणि ज्याला राजपुत्र म्हणून आणला होता तो नाइट मार्च 2025 मध्ये शिकागोला गेला.

जुन्याला काय काम द्यायचं

गोलामागे उभं राहून सूचना द्यायचं काम देऊ नका. नव्याचे कान मागे लागतात आणि डोळे पुढे राहत नाहीत. आम्ही दादांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, समोरच्या गोलामागे बसवलं. समोरच्या टीमचा ड्रॅग फ्लिकर वॉर्मअपला कुठल्या कोपऱ्यात मारतोय, कॉर्नरला चेंडू आत पुश करणारा तो कुठे देतोय, ते टिपायचं आणि पहिल्या ब्रेकला दोन वाक्यांत सांगायचं. दोनच, तिसरं आमच्याकडे चालत नाही. दादांना हे सुरुवातीला अपमानासारखं वाटलं. तिसऱ्या मॅचला त्यांनी सांगितल्याप्रमाणे पोराने उजवा खालचा कोपरा धरला आणि कॉर्नर वाचला, तेव्हा पलीकडे जी बोंब ठोकली ती मरीन ड्राइव्हपर्यंत गेली असेल.

तंत्र शिकवताना मात्र सांभाळा. दादा उभ्याने अडवणारे, पोरगा पडून अडवणारा. जुना कीपर नव्याला नकळत आपली नक्कल बनवायला बघतो. काय बघायचं ते जुन्याने शिकवावं, कसं अडवायचं ते पोराच्या अंगाला ठरवू द्यावं.

श्रीजेश थांबल्यावर त्याच्याकडे ज्युनियर संघ दिला आणि सीनियर संघातून 16 नंबर काढून ठेवला. क्लबला नंबर कायमचा काढणं परवडत नाही, नाहीतर दहा वर्षांत जर्सीच संपतील. पण निदान दोन सीझन दादांचा नंबर पोराला देऊ नका. मैदानाबाहेर उभे असलेले काका लोक पाठीवरचा नंबर बघूनच तुलना सुरू करतात.

खड्डा येणार, तो धरून चाला

पहिले पाच-सहा सामने गोल जास्त होतील. यात पोराची चूक किती हे मोजण्याआधी बचावफळी कुठे उभी आहे ते बघा. नव्या कीपरवर भरवसा नसला की फुल बॅक आपोआप दोन-तीन पावलं मागे येतात. ते मागे आले की समोरच्याला 'डी'त शिरायला मोकळी जागा मिळते, फटके वाढतात, गोल वाढतात, आणि मग सगळे म्हणतात कीपर कच्चा. आम्ही 'डी'च्या बाहेर दोन पावलांवर खुणेचे कोन ठेवून फुल बॅकना त्याच्या मागे यायला बंदी केली, आठवडाभर, फक्त प्रॅक्टिसमध्ये. गोल कमी झाले. कीपर तोच होता.

दहावी-बारावीचं वर्ष आधीच विचारून घ्या. फेब्रुवारी-मार्चला पोरगा नसणार हे गृहीत धरून त्या काळातले सामने दादांना लिहून ठेवा. पालकांना हे कागदावर दाखवलं की निम्मं भांडण मिटतं.

आणि तिसरा कीपर? हसू नका. 22 फेब्रुवारी 2020 ला टोरोंटोत कॅरोलिना हरिकेन्सचे दोन्ही कीपर एकाच सामन्यात जखमी झाले. मग उतरला डेव्हिड एअर्स, वय 42, बर्फ गुळगुळीत करायचं झांबोनी यंत्र चालवणारा माणूस, आधी कधीतरी मूत्रपिंड बदललेलं. पहिले दोन फटके आत गेले. नंतरचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलिना 6–3 जिंकली. आपल्याकडे झांबोनी नाही, टर्फवर पाणी मारणारा माणूस आहे, पण त्याला भरीस घालू नका. राखीव फुल बॅकपैकी एकाला महिन्यातून दोनदा किट घालून अर्धा तास उभा करा. बास.

शेवटची मॅच

निरोपाची मॅच मैत्रीची नको, लीगची द्या. फुकटचे हार-तुरे कीपरला कळतात. दादांना आम्ही शेवटचे दोन क्वार्टर दिले, पहिले दोन पोराचे. मध्यंतराला पोरगा बाहेर आला आणि दादांच्या पॅडचे पट्टे आवळायला खाली बसला. दादा म्हणाले, "घट्ट नको रे, तिसरा सैल ठेव." एक गोल झाला. दादांनी चेंडू बाहेर ढकलला, आणि मग, मी शपथेवर सांगतो, स्टिकने खांबाला टक केलं. डाव्या खांबाला मात्र पोचेपर्यंत चेंडू सेंटरवर गेला होता.

मॅचनंतरची कामं विसरू नका. किटच्या खोलीची किल्ली कुणाकडे, जादा पट्टे कुठल्या डब्यात, हेल्मेटचे स्क्रू कोण बघतं, हे सगळं अठरा वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात असतं. लिहून घ्या. दादांनी किल्ली खिशातून काढली, सुतळीला बांधलेली, आणि पोराला देताना म्हणाले, "कुलूप गंजलंय. आधी उचलायचं, मग फिरवायचं." पोराने तिथेच दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा उघडलं.